मास्तरांची बाद मतं

आधी माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ मला आजही जमत नाही आणि अक्षर म्हणाल तर ओल्या पायांची कोंबडी कागदावरून चालत गेल्यासारखं. ऑफिसातले कोरे फॉर्म घरी उरले आहेत, त्यांच्या पाठीवर लिहिते आहे. हे छापायला द्यायचं नाही. दिवाळी अंकांत लोक आपापल्या नोकरीच्या आठवणी लिहितात. ऑफिसात चहाला उकळी येईपर्यंत मी त्या उभ्याउभ्या वाचायचे. तेव्हा वाटायचं, आपल्याकडेही सांगण्यासारखं आहे. चार माणसांत बोलायला मला जमत नाही, म्हणून लिहिते.

इंदिरानगरात एका शिक्षक आमदारांचं संपर्क कार्यालय होतं. तिथे मी बारा वर्षं काम केलं, म्हणजे साहेबांच्या दोन मुदती. कामावर लागले ती झाडू-पोछा आणि चहासाठी. पण चहा द्यायला गेलेली बाई दोन मिनिटं उभी राहते आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. त्या दोन-दोन मिनिटांत मी सगळं शिकले.

शिक्षक आमदार म्हणजे काय, हे माझ्या माहेरच्यांना अजून कळलेलं नाही. मलाही कळत नव्हतं. एकदा मी खिचडीसाठी शेंगदाणे निवडत बसले होते. साहेब मूळचे गणिताचे मास्तर. त्यांनी माझ्या ताटातले अठ्ठ्याहत्तर दाणे मोजून बाजूला काढले आणि म्हणाले, "हिराबाई, हे वरचं सभागृह. विधान परिषद. खाली विधानसभा, तिथले आमदार सगळी जनता निवडते. इथे मात्र माणसं पाच दारांनी येतात." मग त्यांनी पाच ढिगल्या केल्या. तीस जणांना विधानसभेचे आमदार निवडून देतात. बावीस जणांना महापालिका, जिल्हा परिषद, नगरपालिका यांचे सभासद. बारा जण राज्यपाल नेमतात, साहित्य, कला, विज्ञान, सहकार, समाजसेवा यांतले. सात पदवीधरांचे आणि सात शिक्षकांचे. "त्या शेवटच्या सातांतला हा मी," असं म्हणून त्यांनी एक दाणा वर धरला. बोलता बोलता राज्यपालांचे बाराही दाणे त्यांनी खाऊन टाकले.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. विधानसभा बरखास्त होते, परिषद कधीच होत नाही. प्रत्येकाची मुदत सहा वर्षांची, पण दर दोन वर्षांनी तिसरा हिस्सा निवृत्त होतो आणि त्यांच्या जागी नवे येतात. मी म्हणाले, "म्हणजे विरजण. सगळं दही कधी संपवायचं नाही, थोडं ठेवायचं आणि त्यात नवं दूध घालायचं." साहेब पुढे कितीतरी भाषणांत हे विरजण सांगत असत. कुणी सुचवलं ते मात्र कधी सांगितलं नाही. असो.

एकदा त्यांनी ऑफिसातल्या सगळ्यांना अधिवेशन दाखवायला मुंबईला नेलं. वरच्या गॅलरीत आम्ही बसलो. मधल्या उंच खुर्चीवर सभापती. त्यांना सभासदच आपल्यातून निवडतात आणि ते उठले की उपसभापती बसतात. पैशाचं विधेयक ही परिषद फार तर चौदा दिवस थांबवू शकते, जास्त नाही. मग एवढ्या लोकांचा उपयोग काय, असं मलाही वाटलं होतं. पण त्या दिवशी साहेबांनी एका शिक्षिकेच्या अडलेल्या पगाराचा प्रश्न विचारला. ती बाई तीन वर्षं आमच्या बाकावर येऊन रडत होती. मंत्री उभे राहून म्हणाले, तपासून घेतो. महिनाभरात पगार निघाला. प्रश्न विचारला की फाइल हलते, एवढं मला कळलं आणि माझ्यापुरतं तेवढं पुष्कळ होतं.

आमच्याकडे येणारी माणसं सगळी मास्तर. दुसऱ्या कुठल्या आमदाराकडे अशी गिऱ्हाइकं नसतील. एका मुख्याध्यापिकाबाईंना साहेबांनी अभिनंदनाचं पत्र पाठवलं, तर त्यांनी ते लाल शाईने तपासून परत पाठवलं. खाली लिहिलं होतं, "चुका सुधारून पुन्हा लिहावे." एक चित्रकलेचे सर अर्ज इतका सुंदर काढून आणायचे की त्यावर आवक क्रमांकाचा शिक्का मारायला आमच्या लेखनिकाला जिवावर यायचं.

त्यांतलेच निंबा सर. सटाण्याच्या पुढे एका विनाअनुदानित शाळेवर चौदा वर्षं विज्ञान शिकवत होते. विनाअनुदानित म्हणजे शाळेला सरकारी मान्यता असते, पण पगाराला सरकारचे पैसे नसतात. संस्था देईल तो चहापाण्याचा खर्च, तोही देईल तेव्हा. सुट्टीत ते कांद्याच्या खळ्यावर वजनाच्या पावत्या लिहायचे. दोन-तीन महिन्यांनी तीच फाइल घेऊन एसटीने आमच्याकडे यायचे. एकदा ते आले तेव्हा साहेब आत झोपले होते आणि मला सांगून ठेवलं होतं की कुणालाही आत सोडू नको. मी म्हणाले, "साहेब नाहीत." ते चार तास बाकावर बसले. मी दोनदा चहा दिला. जाताना दाराशी थांबून म्हणाले, "मावशी, साहेब नाहीत, पण चपला आहेत." आणि हसले. रागावले असते तर बरं झालं असतं. बारा वर्षांत मी पुष्कळांना खोटं सांगितलं असेल. लक्षात हे एकच राहिलं.

साहेबांची दुसरी मुदत संपत आली आणि पुन्हा उभं राहायचं नाही असं त्यांनी ठरवलं. ऑफिस बंद होणार होतं. मी ठरवलं की पोळीभाजी केंद्र काढायचं. आमच्याच गल्लीतल्या जोशीकाकूंचं गॅरेज रिकामं होतं. त्यांनी दहा हजार अनामत मागितली. बारा वर्षांच्या भिशीतून तेवढेच माझ्या हातात उरले होते. ज्या दिवशी ते काकूंना द्यायचे, त्याच दिवशी साहेबांनी मला नाशिकरोडला पाठवलं. विभागीय आयुक्तांच्या कार्यालयात काही कागद द्यायचे होते. शिक्षक मतदारसंघाचे उमेदवारी अर्जही तिथेच भरतात.

व्हरांड्यात निंबा सर उभे. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात अर्ज, अर्जावर दहा शिक्षकांच्या सूचक म्हणून सह्या. तोंड मात्र उतरलेलं.

"सर, उभे राहताय?"

"राहतोय कुठला, मावशी. अनामतचे दहा हजार आणतो म्हणालेला मित्र फोनच घेत नाही. आणि आज शेवटचा दिवस. तीनला अर्ज बंद." मग एकदम त्यांची घरची बोली बाहेर आली. "माले काहीच समजत नही शे, मावशी. चौदा वरीस..."

भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून गेले होते. पिशवीत माझे दहा हजार होते, ते काढून मी सरांच्या हातात दिले. त्या चपलांची मला आठवण झाली हे खरं, पण त्यासाठी दिले असं नाही. मला हिशेब माहीत होता. निवडून आलं नाही तरी, पडलेल्या वैध मतांच्या सहाव्या हिश्शापेक्षा जास्त मतं मिळाली तर अनामत परत मिळते. कमी पडली तर जप्त. सहातलं एक मत. मतदारसंघाच्या पाच जिल्ह्यांत विनाअनुदानित शाळांचे एवढे मास्तर आहेत, ते झाले तरी पुरे.

"बुडले तर, मावशी?"

"बुडू द्यायचे नाहीत," मी म्हणाले. एवढ्या ठामपणे मी आधी कधी बोलले होते ते आठवत नाही.

घरी आमचे हे भाजीचा टेम्पो धूत होते. ऐकून बादली खाली ठेवली. "जिला स्वतःला मत देता येत नाही, तिनं उमेदवार उभा केला! आता सभापतीच हो, म्हणजे झालं." जोशीकाकूंनी मात्र शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "हिरा, पावसाळा संपेपर्यंत थांबते. पुढे नाही."

हे खरं होतं की मला या निवडणुकीत मत नाही. गेल्या सहा वर्षांत किमान तीन वर्षं माध्यमिक किंवा त्यावरच्या वर्गांना शिकवलेलं असावं लागतं. शिवाय दर वेळी नव्याने फॉर्म भरून यादीत नाव घालावं लागतं, जुनी यादी चालत नाही. मला मत नव्हतं, पण बाद मत कसं होतं हे माझ्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. मागच्या मतमोजणीनंतर, निवडून येऊनही, बाद मतांचा आकडा बघून साहेब कपाळाला हात लावून बसलेले मी पाहिले होते. ही मतपत्रिका निराळी असते. यंत्र नाही, शिक्का नाही. नावांपुढे रिकामे चौकोन आणि केंद्रावर मिळणारं जांभळं स्केचपेन. आपल्या पहिल्या पसंतीपुढे १ हा आकडा काढायचा. वाटलं तर दुसऱ्याला २, तिसऱ्याला ३. आकडाच, अक्षरी नाही. सही नाही, खूण नाही, दुसरं पेन नाही. पाच वर्षांच्या पोरालाही जमेल. मास्तरांना जमत नाही.

एका मोठ्या उमेदवाराचा माणूस घरी येऊन रोजावर बोलावून गेला. मी नाही म्हणाले आणि निंबा सरांबरोबर शाळा फिरायला लागले. बोलायचं सरांनी. मी नकली मतपत्रिका करून घेतल्या होत्या. खऱ्या उमेदवारांची नावं घालता येत नाहीत, म्हणून भाज्यांची घातली. भेंडी, गवार, दोडका, वांगं, कारलं.

पहिली शाळा शहरातलीच. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत मी सगळ्यांपुढे एकेक कागद आणि मध्ये जांभळ्या पेनांचा डबा ठेवला.

"हे काय, मावशी? आमचीच परीक्षा?" मुख्याध्यापक म्हणाले.

"परीक्षाच समजा, सर," निंबा सर म्हणाले.

"कॉपी चालेल का?" खेळाच्या सरांनी विचारलं.

"चालेल. पण शेजारच्याचंही चुकलेलं असेल."

सगळे हसले. मी कागद गोळा केले आणि काही न बोलता टेबलावर दोन गठ्ठे करत गेले. चांगली इकडे, बाद तिकडे. बादचा गठ्ठा वाढायला लागला तसं हसू कमी झालं. एकोणीस कागदांत सात बाद.

मुख्याध्यापकांनी आपला कागद ओळखला. "हा बाद? का?"

"लाल पेन, सर," मी खाली बघून म्हणाले. "आणि बरोबरची खूण."

डबा पुढ्यात असून त्यांचा हात खिशातल्या लाल पेनाकडे गेला होता.

"अहो, तीस वर्षं पेपर तपासतोय मी. बरोबर म्हणजे बरोबर!"

"म्हणूनच बाद होतं, सर."

मराठीच्या सरांनी वांग्यापुढे १ काढून खाली तारखेसकट सही ठोकली होती. म्हणाले, सही नसलेला पेपर बोर्डाकडून परत येतो. आणि विज्ञानाच्या बाईंनी सगळ्या भाज्यांना दहापैकी गुण दिले होते. भेंडी आठ, गवार सहा, वांगं सात, दोडका पाच, कारलं तीन.

"बाई, एक कुणाला?" मी विचारलं.

"एक? अहो, इतकं वाईट कुणीच नाहीये!"

त्या दिवशी मला कळलं की हा अडाणीपणा नव्हे. हात आहे तो. जन्मभर जे केलं तेच हात करतो. मग मी सांगायची पद्धत बदलली. भाषण नको. आधी चुकू द्यायचं, मग त्यांचाच कागद हातात द्यायचा. स्वतःचा बाद कागद पाहिलेला मास्तर पुन्हा चुकत नाही. आणि जाताना एकच विनंती, मतदानाला जाताना खिशातलं लाल पेन घरी ठेवा. दीड महिन्यात आम्ही जमतील तेवढ्या शाळा केल्या. नांदगावची बाजू राहून गेली. माझं माहेर तिकडचं, आणि तिकडेच पोचले नाही. त्याची रुखरुख आहे.

मतमोजणीला उमेदवाराला आपले प्रतिनिधी बसवता येतात. निंबा सरांनी त्यात माझं नाव घातलं. मोठ्या गोदामात टेबलं, मध्ये जाळी, जाळीच्या अलीकडे आम्ही. सगळ्या केंद्रांची मतं आधी एकत्र मिसळतात, म्हणजे कुठल्या शाळेनं कुणाला दिलं ते कळू नये. मग पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे. आधी चांगली आणि बाद वेगळी करतात, मग पहिल्या पसंतीची मोजतात.

आमच्या टेबलावर टिकमार्कवाली मतं निघत होती, त्यावर वाद नव्हता. बाद म्हणजे बाद. त्यांतली काही निंबा सरांची होती. पण नियम नियम असतो. मग एक निराळी निघाली. १ नीट काढलेला, जांभळ्याच पेनाने, पण त्याभोवती गोल. तो कर्मचारी थबकला आणि त्यानं ती संशयितांत ठेवली. थोड्या वेळानं आणखी एक गोल. दुसऱ्या टेबलांवरही तेच. बघता बघता गोलांचा चांगला ढीग झाला. एका उमेदवाराचा प्रतिनिधी ओरडला, "ही खुणेची मतं आहेत. आधी ठरवून केलेली. सगळी बाद करा!"

निवडणूक निर्णय अधिकारी टेबलापाशी आले. ढीग चाळून बघायला लागले. सगळे एकदम बोलत होते. मला काय झालं कुणास ठाऊक, मी जाळीला धरून म्हणाले, "साहेब, खूण नाही ती."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. पण आता मागे फिरता येईना.

"मग काय आहे?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"साहेब, मास्तर पेपरवर गुण लिहितात आणि त्याला गोल करतात. तुमच्याही पेपरवर केला असेल. ठरवून केलं असतं तर सगळे गोल एकाच नावापुढे असते. बघा ना, सगळ्यांपुढे आहेत."

त्यांनी पुन्हा ढीग चाळला. ओरडणाऱ्याच्या उमेदवारापुढेही गोल होते, भरपूर होते. ते बघून तो मागे सरकला. अधिकारी थोडे हसले. म्हणाले, "गोलावरून मतदार ओळखता येत नाही. आकडा स्पष्ट आहे. मतं वैध."

जाळीपासून मागे आल्यावर निंबा सर हळूच म्हणाले, "मावशी, वैध मतं वाढली म्हणजे सहावा हिस्साही वाढला. आपला फायदा झाला का तोटा?"

ते मलाही ठाऊक नव्हतं. गोलांमध्ये आमचे किती, ते कुणी मोजलं होतं? पण मी बोलले नसते तर तेवढ्या मास्तरांची मतं टोपलीत गेली असती, आणि कशामुळे, तर ते मास्तर होते म्हणून. माझे दहा हजार त्यात बुडाले असते तरी मी बोलले असते, असं आज म्हणणं सोपं आहे.

संध्याकाळी पहिल्या पसंतीची मतं फळ्यावर लागली. निंबा सर तिसरे. निवडून येण्याच्या आसपासही नव्हते. फळ्यापुढे सगळे विजयाला लागणाऱ्या मतांच्या कोट्याचं गणित करत होते, आम्ही दोघं सहाव्या हिश्शाचं करत होतो. सरांनी तीनदा भागाकार केला. तिसऱ्यांदा पेन्सिल खाली ठेवली. एका गठ्ठ्याहूनही कमी मतांनी, पण वर होतो.

"मावशी, गोल बाद झाले असते तर?"

"ते आता काढत बसू नका," मी म्हणाले.

निवडून आलेल्या आमदारांनी पुढच्या अधिवेशनात विनाअनुदानितांचा प्रश्न विचारला. निंबा सर म्हणतात, आपली एवढी मतं फळ्यावर दिसली म्हणून विचारला. खरं-खोटं मला माहीत नाही. शाळेला अनुदान अजून मिळालेलं नाही.

निकालानंतर आठ दिवसांनी सर तीन हजार रुपये घेऊन आले. खळ्यावरची मजुरी होती. मी घेतले नाहीत. म्हणाले, "सर, तुमचे नकोत. मी अनामत भरली होती, अनामत परत येईल तेव्हा एकदम द्या." आमचे हे आतून खोकले. ते खोकणं कशाचं, ते मला कळलं.

अनामत परत मिळावी म्हणून सरांचा अर्ज गेला, एक सही राहिली, पुन्हा गेला. पावसाळा सरत आला तशी जोशीकाकूंच्या दारावरून जाताना मी मान खाली घालायला लागले. गॅरेजला दुसरं गिऱ्हाईक येऊन बघून गेलं होतं. काकूंनी त्याला नाही म्हटलं नव्हतं.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी मी भाजी निवडत बसले होते. निंबा सर सटाण्याहून पहिल्या गाडीने आले. सरकारकडून पैसे खात्यावर जमा झाले होते, ते बँकेतून काढून थेट माझ्याकडे. चहा नको म्हणाले. आधी पैसे घ्या म्हणाले. मी हात पुसून त्यांना तसंच जोशीकाकूंच्या ओट्यावर घेऊन गेले. त्यांनी पाकीट माझ्या हातात दिलं.

"मोजून घ्या, मावशी."

मी काकूंसमोर मोजले. पाचशेच्या वीस नोटा. एकही कमी नव्हती.